घासून-पुसून परत आलेली खुर्ची

खुर्ची इतकी लख्ख होती की भोंगाला पाहताक्षणी कळलं, शिंपीकाकांची म्हातारी आई गेली.

शिंपीकाकांनी ती चाकांची खुर्ची पायरीवरून अलगद आत घेतली, भिंतीला लावली, ब्रेक लावले, सीटवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "मामांना सांग, परत केली म्हणून." एवढंच. पाणी नको, बसणं नको. आले तसे खाली मान घालून गेले.

भोंगाने खुर्चीभोवती एक चक्कर मारली. चाकांच्या तारा पुसलेल्या. पाय ठेवायच्या पट्ट्या साबणाने घासलेल्या. हाताखालचं रेक्झिन फाटलं होतं, ते असं शिवलेलं की टाका शोधून काढावा लागावा. तिला म्हातारीचं वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, आपल्याला किती अचूक कळतं याचा जरासा आनंदही झाला.

भोंगा हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. आवाजावरून पडलेलं. एकेकाळी या मुलीच्या तोंडून शब्द काढायचा तर पकड लागायची. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की ही मूग गिळून बाकाकडे बघत राहायची. मग एकदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ऐनवेळी कोणीतरी आजारी पडलं, हिला ढकललं गेलं, आणि काय झालं कोणास ठाऊक, बूच उडालं. तेव्हापासून गिरणी चालूच. "ही हजेरी देते तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा हजर म्हणतात," असं मामा सगळ्यांना सांगायचा. नावही त्यानेच ठेवलं होतं.

मामा वेल्डर. पुढे दुकान, त्यात फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आणि ठिणग्या. मागे पत्र्याची लांबोडकी खोली. त्या खोलीत कुबड्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, चाकांच्या खुर्च्या, आणि नशीब असेल तर हॉस्पिटलातला असतो तसला पलंग, हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर येणारा. मामी अंथरुणाला खिळली होती तेव्हा मामाने तिच्यासाठी एक खुर्ची घेतली होती. मामी गेल्यावर ती रिकामी खुर्ची त्याला घरात बघवेना आणि विकवेनाही. त्याने ती दुकानाच्या दारात ठेवली आणि वर खडूने लिहिलं, "लागेल त्याने न्यावी. काम झालं की आणावी." खुर्ची गेली, आली, परत गेली. मग बघून बघून लोकच आपापल्या घरात पडलेल्या वस्तू आणून द्यायला लागले. ना पावती, ना अनामत. ज्याच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत त्याच्याकडून ठेव कसली मागायची, असं मामाचं सरळ गणित.

नियम एकच होता. परत मागायला कोणाच्या दारात जायचं नाही. सुरुवातीला मामा एकदा गेला होता. खूप दिवस झाले, वॉकर आला नाही, दुसऱ्या कोणाला हवा होता, म्हणून विचारायला गेला. तर त्याच सकाळी त्या घरात माणूस गेला होता आणि सगळे खाली बसले होते. मामा दारात उभा, तोंडात वॉकरचा प्रश्न. आल्यावर तो दोन दिवस जेवला नाही, असं आई सांगायची. तेव्हापासून नियम. लोक आणतील तेव्हा आणतील.

त्यामुळे परत येणाऱ्या वस्तूकडे बघून ओळखायचं, ही विद्या मागच्या खोलीत आपोआप तयार झाली होती आणि भोंगा तिच्यात पारंगत होती. माणूस बरा झालेला असला की खुर्ची धुळीने माखलेली येते, सीटच्या फटीत बिस्किटाचा चुरा असतो, आणणारा तासभर बडबड करतो. माणूस गेलेला असला की वस्तू घासून-पुसून येते. जणू शेवटची अंघोळ तिलाच घातली आहे. आणणारा नजर देत नाही. भोंगाचं कधी चुकलं नव्हतं.

"आपण काही ज्योतिषी नाही," मामा म्हणायचा.

"पण माझं बरोबर येतं ना?"

"म्हणून तर भीती वाटते."

त्या दिवशी मामा एका फाटकाचं माप घ्यायला गेला होता. भोंगा एकटीच होती, दप्तर अजून खांद्याला, आणि तेवढ्यात गवंड्याची बायको आली. ही बाई लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची, तिच्या कपड्यांना नेहमी गरम कापडाचा वास असायचा. तिचा नवरा परांचीवरून पाठीवर पडला होता. कमरेखाली हालचाल नव्हती. तो किती दिवस हॉस्पिटलात होता हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, कारण ही बाई डबा घेऊन जाताना रोज दिसायची.

"मामा नाहीत का ग?"

"येतीलच. काय हवं होतं काकू?"

"शनिवारी त्यांना घरी सोडणार आहेत." ती उंबऱ्याशीच उभी राहिली. "पाठीला जखम व्हायला लागलीय, झोपून झोपून. डॉक्टर म्हणतात साध्या खाटेवर नको, वर-खाली होणारा पलंग हवा. तुमच्याकडे आहे का? नसला तर एक संस्था आहे, शहराबाहेर, ते ठेवून घेतात असली माणसं. एकच जागा शिल्लक आहे म्हणाले. पण आज सांगायचं आहे, हो की नाही."

"मग तिथं का नको?"

"दोन बस बदलाव्या लागतात. काम सोडून मी रोज जाणार कशी? आणि ते तिथं एकटे पडून छत बघत बसणार." ती थांबली. "पलंग मिळत असेल तर मी घरीच नेते. नसेल तर तसं सांग, राग नाही."

खोलीत पलंग नव्हता. मामाकडे एकूण दोनच पलंग होते. एक कुठल्याशा लांबच्या घरी. आणि दुसरा शिंपीकाकांच्या आईकडे. भोंगाने भिंतीशी उभ्या लख्ख खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची आज आली म्हणजे पलंग उद्या-परवा येणार. दोन्ही एकदम उचलून आणायला शिंपीकाका काय हत्ती आहेत?

"मिळेल," ती म्हणाली. खणखणीत. "शनिवारी पलंग तुमच्या घरी असेल."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की, काकू. तुम्ही त्यांना नाही म्हणून टाका."

बाईने भोंगाच्या गालाला हात लावला आणि गेली. तो हात खरखरीत आणि गरम होता. भोंगा उरलेली संध्याकाळ जमिनीपासून वीतभर वरून चालत होती.

मामा आल्यावर तिने एका दमात सगळं सांगितलं. मामाने टेप खिशात घातला.

"कुठला पलंग देणार आहेस?"

"शिंपीकाकांकडचा. त्यांची आई गेली."

"कोण म्हणालं?"

भोंगाने खुर्चीकडे बोट दाखवलं. मामाने खुर्चीवरून हात फिरवला, शिवलेलं रेक्झिन अंगठ्याने चाचपलं, आणि खाली बसला. "बिचारी," म्हणाला. म्हणजे त्यालाही तसंच वाटलं. "आणेल तो सवडीने."

"सवडीने नाही, शनिवारी हवाय."

"मागायला जायचं नाही."

"मग गवंडीकाकांना काय फरशीवर झोपवायचं?"

"हे वचन द्यायच्या आधी विचारायचं असतं," मामा म्हणाला. आवाज चढवला नाही. तो चढवायचाच नाही, घरातला सगळा आवाज भाचीच्या वाट्याला गेला होता.

गुरुवारी पलंग आला नाही. भोंगा शाळेतून धावत आली, खोलीत डोकावली, कुबड्यांनी तिच्याकडे पाहिलं. शुक्रवारी ती शाळेतून दुकानात आलीच नाही. म्हणजे आली, मामाची पाठ बघितली, फळीवरची तेलाची पिचकारी उचलली आणि निघाली. पलंगाच्या हँडलला तेल घालायला आले होते, असं म्हणायचं. मग आपोआप विषय निघेल. मागितलं असं होणारच नाही. वक्तृत्वात बक्षीस मिळवलेल्या मुलीला एवढं जमू नये?

शिंपीकाकांचं घर म्हणजे रस्त्याकडे मशीन, आणि त्यामागे पडदा टाकून एक खोली. काका कोणाच्या तरी पॅन्टची शिलाई घालत होते. भोंगाने चपला काढल्या, चेहरा लांब केला आणि रस्ताभर घोळवलेलं वाक्य म्हणाली, "काका, फार वाईट झालं."

मशीन थांबलं. "काय झालं?"

"आजींचं."

"आईचं? काय झालं आईचं?" काका ताडकन उभे राहिले आणि पडद्याकडे बघायला लागले, जणू मधल्या वेळात आत काही होऊन गेलं की काय.

पडद्यामागून आवाज आला. "काय झालं रे मला?"

भोंगाच्या हातातली पिचकारी खाली पडली. तेलाचा एक थेंब फरशीवर पसरला. काकांनी आधी पडद्याकडे, मग भोंगाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले.

"पाठव तिला आत," आवाज म्हणाला. "मेलेली मी इथं आहे, बाहेर काय बोलताय?"

आजी पूर्वी बसवर कंडक्टर होत्या, सगळे त्यांना कंडक्टरबाईच म्हणायचे. पलंगाची डोक्याकडची बाजू उभी केलेली होती आणि त्यावर त्या टेकून होत्या. अंगात स्वेटर, केस बारीक कापलेले, चेहरा उरला होता तो डोळ्यांपुरताच. पण डोळे शाबूत.

"बस. जागा आहे."

भोंगा स्टुलाच्या टोकावर बसली.

"मी गेले असं कोणी सांगितलं तुला?"

"खुर्चीने," भोंगा म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. धुळीच्या खुर्च्या, लख्ख खुर्च्या, बिस्किटाचा चुरा. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की कंडक्टरबाईंना दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

त्या हसल्या. हसण्याचा खोकला झाला, काका धावत आले, पाठीला हात लावून उभे राहिले. दम बसल्यावर त्या म्हणाल्या, "मीच घासायला लावली याला. आयुष्यभर लोकांनी घाण केलेल्या सीटा बघितल्या. माझ्यानंतर कोणाला तशी सीट देऊ का? आता बसवत नाही मला, कंबर धरत नाही. बसता येत नसताना खुर्ची अडवून कशाला ठेवायची?"

भोंगा मान खाली घालून हाताला लागलेलं तेल पुसत होती.

"म्हणजे तू पलंग न्यायला आलीस."

"नाही, हँडलला तेल..."

"बसमधले फुकटे मी तोंडावरून ओळखायचे. खरं बोल."

मग भोंगाने गवंडीकाकांचंही सांगितलं. शनिवारचं वचन, संस्थेतली जागा, बाईचा गालाला लावलेला हात. कंडक्टरबाई ऐकत राहिल्या. ऐकून झाल्यावर त्यांनी छताकडे पाहिलं. गोष्टींमधल्या म्हाताऱ्या अशा वेळी म्हणतात, ने बाई, माझं काय, आज आहे उद्या नाही. भोंगाच्या मनाच्या एका कोपऱ्यात ती आशा होती, आणि ती तिथं आहे हे कळून तिला स्वतःची लाज वाटली.

कंडक्टरबाई म्हणाल्या, "देणार नाही मी."

"मी मागत नाहीये, आजी."

"मागत होतीस. आडवं झालं की माझा श्वास कोंडतो. पलंगाची ही बाजू उभी राहते म्हणून मला डोळा लागतो. तुझ्या गवंड्याला हवा आहे, मलाही हवा आहे. मी उतरले की जागा त्याची, हे माझं सांगणं झालं याला. पण मधल्याच स्टॉपला मला उतरवू नका."

"नाही उतरवणार," भोंगा म्हणाली. हे ती एवढ्या हळू बोलली की तिलाच ऐकू आलं नसेल.

"आणि आणखी एक." त्यांना आता दम लागत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "खुर्ची परत पाठवली तेव्हा वाटलं, कोणीतरी विचारायला येईल. बाई, खुर्ची का परत केलीत, चालायला लागलात की काय. दोन दिवस मी पडद्याकडे बघत होते. आलीस ती तू. तीही पलंगासाठी."

"मामाचा नियम आहे. मागायला जायचं नाही."

"मागायला नका येऊ. नुसतं येऊन बसायला कोणी बंदी केलीय?"

वक्तृत्वात असल्या प्रश्नाचं उत्तर शिकवत नाहीत. भोंगा उठली.

निघताना कंडक्टरबाईंनीच तिला परत बोलावलं. मांडीखाली पत्र्याची कड येते, रात्रभर टोचते, मुलाने तिथं चिंध्या कोंबल्यात. डोक्याची बाजू उचलली की अंग घसरत पायाशी गोळा होतं, गुडघ्याखाली उशी दिली तरच जागेवर राहतं. "तुमचे पलंग फिरतात एवढे. त्यावर झोपलेल्याला कधी विचारलंत का, कसा आहे म्हणून?"

भोंगा दुकानात परतली तेव्हा मामा जाळीला रंग देत होता. तिने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच रडायला लागली. मामाने ब्रश डब्यात उभा केला. नियम मोडला म्हणून तो काही बोलला नाही. "जिवंत आहे," असं मात्र दोनदा म्हणाला.

"आता काय करायचं, मामा?"

"आधी गवंड्याच्या बायकोला सांगायचं."

"तू सांग ना."

"वचन मी दिलं होतं का?" तो उठला, हात पुसले. "चल. दारापर्यंत येतो."

हॉस्पिटलातला वॉर्ड लांबलचक होता. मामा खरंच दारापर्यंतच आला. गवंडी कुशीवर होता, पाठीमागे उशा लावलेल्या, चेहरा सिमेंटच्या रंगाचा. स्टुलावर त्याच्या कामावरचा मुकादम बसला होता, जाडजूड माणूस, हातात टोपी. बायको पिशवीत सामान भरत होती, उद्याची तयारी. भोंगाला बघून ती हसली आणि ते हसू बघणं फार कठीण गेलं.

"काकू, पलंग नाहीये. मला वाटलं होतं त्या आजी गेल्या. त्या आहेत. माझं चुकलं."

बाईने हातातलं भांडं पिशवीत ठेवलं, नीट, आडवं.

"ती जागा दिली त्यांनी दुसऱ्याला," ती म्हणाली. "सकाळी विचारलं मी सहज."

"मी त्यांच्याकडे जाऊन सांगू का, माझ्यामुळे..."

"काय सांगणार? ज्याला दिली त्याला उठवा?" ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. "तुझ्यावर कशाला रागावू. पोर आहेस. मी स्वतःवर रागावलेय. कोणी मोठ्याने सांगितलं की मला ते खरंच वाटतं."

भोंगाला त्या क्षणी पुन्हा बाकाकडे बघत बसणारी मुलगी व्हावंसं वाटलं.

मुकादमाने टोपी गुडघ्यावर आपटली. "पलंग पलंग म्हणजे असतं काय हो त्यात? मी बघितला तो. पाइपच की."

"पाइप आणि बिजागऱ्या," दारातून मामा म्हणाला.

मुकादमाने वळून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"हिचा मामा. वेल्डर."

"मग अडलंय कुठं? पाइप आमच्याकडे ढिगाने पडलेत. चार वाकडे झालेले भंगारात जाणार आहेत, ते गेले समजू." त्याने गवंड्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाहीतरी आम्ही इथं येऊन टोप्याच फिरवत बसतो."

गवंडी इतका वेळ डोळे मिटून होता. ते न उघडताच म्हणाला, "परांचीचे पाइप? त्यावरनंच पडलो, आता त्यावरच झोपवताय."

कोणाला हसावं की नाही कळेना. मग त्याची बायको हसली, एकदाच, आणि तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली.

त्या संध्याकाळी दुकानात माणसं मावेनात. मुकादम आणि त्याचे दोन गडी पाइप घेऊन आले, शिंपीकाका आईला शेजारणीजवळ बसवून गादीचं माप घ्यायला आले. भोंगा मध्ये उभी राहून कंडक्टरबाईंनी सांगितलेलं सांगत होती. मांडीखाली कड नको. गुडघ्याशी वाक हवा. मामाने हँडलचा नाद सोडून दिला, आरामखुर्चीला असतात तशा खाचा केल्या, दांडा एकेका खाचेत सरकवला की पाठ वर येईल अशा. चूक झाली तर कापायचं, पुन्हा जोडायचं. एकदा त्याने डोळ्यांवरची काळी काच वर केली आणि स्वतःशीच म्हणाला, "एवढी वर्षं लोक आणून देतील ते वाटत बसलो. हातात धंदा हा, आणि एक पलंग बनवावा असं सुचलं नाही. जाळ्या बनवल्या. फाटकं बनवली."

"आता सुचलं ना," मुकादम म्हणाला. "पकडा ते टोक."

शनिवारी पलंग गवंड्याच्या दारातून आत जाईना. दार अरुंद, खोली एकच. शेवटी तो पुन्हा सुटा करून आत नेला आणि आत बोल्ट आवळले. शिंपीकाकांची गादी त्यावर बसली. चौघांनी गवंड्याला चादरीसकट उचलून ठेवलं. त्याने ओठ दातांत धरले होते. बायकोने दांडा पहिल्या खाचेत सरकवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. हळूहळू त्याचं डोकं वर आलं, आणि किती दिवसांनी त्याला वॉर्डाचं छत आणि भिंत सोडून काहीतरी दिसलं. स्वतःचा चुलीचा ओटा. दोरीवरचे कपडे. उघडं दार, आणि दारातून जाणारी माणसं.

"जरा दाराकडे तिरका लावा," तो म्हणाला. पायांबद्दल डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती.

माणसं पांगली. भोंगा चादरीच्या सुरकुत्या काढत मागे राहिली. तिला वाटत होतं काकू आता काहीतरी म्हणतील, निदान बरं झालं एवढं तरी. काकू म्हणाल्या, "पलंग झाला. आता दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस लागणार. सोमवारपासून मला कामावर जायचंय. सकाळी शेजारीण येते म्हणाली. दुपारनंतर कोण?"

हा प्रश्न त्यांनी भोंगाला विचारला नव्हता. भिंतीला विचारला होता. पण भोंगाचं तोंड उघडलं. मी येते, रोज येते, तुम्ही काळजी करू नका, अख्खं वाक्य जिभेवर तयार होतं, खणखणीत. तिने ते गिळलं. गिळायला वेळ लागला.

"मी विचारून सांगते," ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली. विचारून सांगते म्हणणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

घरी आईने आधी अभ्यासाचं विचारलं, मग क्लासचं, मग भाजी चिरत राहिली. "रोज नाही जमणार तुला," म्हणाली. "जमतं तेवढंच कबूल कर. आणि मामाला सांगून जा." मामा दुकानात नव्हता. दुकानाला चक्क कुलूप होतं. तो शिंपीकाकांकडे सापडला. पडद्यामागे, स्टुलावर, रिकाम्या हाताने बसला होता आणि कंडक्टरबाई त्याला कुठल्यातरी जुन्या रूटवरच्या उतारूची गोष्ट सांगत होत्या. भोंगाने पडदा थोडा सारून काकूंची अडचण सांगितली, मामाने मुकादमाला विचारतो म्हणत मान डोलावली, आणि ती आत न जाताच परत फिरली.

दिवेलागणीच्या आत ती गवंड्याच्या दारात पोचली. काकू पाण्याचं घमेलं घेऊन उभ्या होत्या.

"सोमवारी आणि गुरुवारी," भोंगा म्हणाली. "शाळा सुटल्यापासून तुम्ही कामावरून येईपर्यंत. बाकीच्या दिवसांचं मला माहीत नाही. मामा मुकादमांना विचारणार आहे, पण ते मी कबूल करत नाही."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग घमेलं खाली ठेवलं.

"हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "कशी बदलायची ते दाखवते."

एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. कातडीला धरून ओढायचं नाही, खालची चादर धरायची. आधी सांगायचं, मग हलवायचं, त्यांना न सांगता हात लावायचा नाही. जखमेवर भार येऊ द्यायचा नाही. भोंगाने चादरीची कड मुठीत गुंडाळली.

"काका, हलवते," ती म्हणाली.

"हं," गवंडी म्हणाला.

पलीकडून काकूंनी ओढलं, इकडून तिने रेटलं. एक माणूस एवढा जड असतो हे तिला माहीत नव्हतं. तिचा पाय फरशीवरून सरकला, पण चादर सुटली नाही. गवंड्याची कूस बदलली. त्याने भिंतीकडे तोंड करून लांब श्वास सोडला आणि काकूंनी त्याच्या पाठीमागे उशी सारली.

"पुन्हा एकदा," काकू म्हणाल्या. "सोमवारी तू एकटी असशील."